उन्हाळ्यातील सांगावा : सोलापूरच्या पेठा आणि त्यांचे नगरसेवक



फाल्गुन सरत आला, की सोलापूर शहराच्या जुन्या पेठांमध्ये एकच प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागतो. साखर पेठेत तो तेलुगूत विचारला जातो, बाळी वेशीकडे कन्नडात, कुठे दखनीत, कुठे मराठीत. परंतु प्रश्न तोच. पाणी कधी सुटणार? या प्रश्नाला प्रथम सामोरा जातो तो पाणीपुरवठा खात्याचा चावीवाला. खांद्यावर लोखंडी चावी टाकून तो गल्लीच्या तोंडाशी आला, की दहा दारांतून दहा जणी बाहेर येतात. त्याच्यापाशी उत्तर नसले, तर लोक ज्याच्या दारी जातात तो त्या पेठेचा नगरसेवक किंवा नगरसेविका होय. महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय शहरातच असले, तरी सामान्य माणसाला ते दूर वाटते. नगरसेवकाचे घर मात्र दोन गल्ल्यांपलीकडे असते आणि त्याचे दार सकाळी सहापासून वाजू लागते.

नगरसेवकाने उन्हाळ्याच्या चार महिन्यांत आपल्या पेठेला वेळोवेळी द्यावयाची माहिती, म्हणजेच त्याचा उन्हाळ्यातील सांगावा, हा या भाषणाचा विषय आहे. विषय लहान वाटेल. गटारे, रस्ते, दिवे, दवाखाने ही कामे डोळ्यांना दिसतात, त्यांचा खर्च अंदाजपत्रकात मांडता येतो. सांगाव्याला अंदाजपत्रकात शीर्षक नाही. तथापि सोलापूरसारख्या पर्जन्यछायेतील शहरात वेळेवर मिळालेली खरी माहिती ही पाण्याइतकीच नागरी सेवा ठरते, हे पुढील विवेचनावरून ध्यानात यावे.

येथे एक कायदेशीर बाब स्पष्ट करणे अगत्याचे आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ अन्वये पाणीपुरवठा हे महानगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. परंतु कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. नगरसेवक सभागृहात प्रश्न विचारू शकतो, ठराव मांडू शकतो, पाठपुरावा करू शकतो; चावी त्याच्या हातात नसते. लोकांचा समज याच्या नेमका उलट असतो. आणि पुष्कळदा नगरसेवकही तो समज दूर करण्याच्या भरीस पडत नाही, कारण पाणी आले की श्रेय आपोआप पदरात पडते. पाणी न आल्यास मात्र त्याच समजाचे ओझे त्याच्याच डोक्यावर येते. यास्तव, ज्याच्या हाती चावी नाही त्याच्या हाती उरते ती माहिती. ती त्याने नीट वापरली तर त्याचे अधिकारपद सार्थ होते.

पाणी येते कोठून?

सोलापूरच्या पाण्याची कथा जुनी आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तलाव निर्माण केल्याची परंपरा शहर आजही सांगते, आणि तो तलाव शहराच्या मध्यभागी उभा आहे. ब्रिटिश अमदानीत शहराच्या उत्तरेस एकरूख तलाव बांधण्यात आला. त्याचे काम १८७१ मध्ये पूर्ण झाले. हिप्परगा तलाव म्हणून तो सर्वांच्या परिचयाचा आहे. पुढे गिरण्या वाढल्या, माग वाढले, माणसे वाढली. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या नगरपालिकेचे १ मे १९६४ रोजी महानगरपालिकेत रूपांतर झाले. भीमेच्या काठी टाकळी येथून पाणी उचलले जाऊ लागले, आणि १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यानंतरच्या काळात तेथून थेट जलवाहिनीने शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावरून पाणी शहरात आले. २०११ च्या जनगणनेनुसार साडेनऊ लाख लोकवस्ती असलेले हे शहर आज या तिन्ही स्रोतांवर अवलंबून आहे. त्यांपैकी हिप्परग्याचे पाणी पावसावर हेलकावे खाते, टाकळीचे पाणी नदीत सोडलेल्या पाण्यावर आणि उजनीचे पाणी पंपांच्या विजेवर.

हे सर्व पेठेतल्या माणसाला कशासाठी सांगावयाचे, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर एका नित्याच्या अनुभवात आहे. उजनीच्या पंपगृहाचा वीजपुरवठा दोन-तीन तास खंडित झाला, की पेठेतील पाण्याची पाळी एक दिवस पुढे जाते. लोकांना हे अनाकलनीय वाटते. वीज तीन तास गेली, मग पाणी चोवीस तास उशिरा का? कारण असे की, पंप थांबल्यावर लांबच्या जलवाहिनीतील दाब पडतो, पंप पुन्हा सुरू झाल्यावर ती भरून पूर्ववत वाहू लागण्यास कित्येक तास जातात, तोवर शहरातील उंच टाक्या पुरेशा भरत नाहीत, आणि अर्धवट टाकीवर पाळी सोडली तर शेवटच्या गल्लीला थेंबही पोहोचत नाही. म्हणून त्या दिवशीची पाळीच पुढे ढकलावी लागते, व तिच्या मागच्या साऱ्या पाळ्याही सरकतात. एवढे कारण चार वाक्यांत फलकावर लिहिले, तर नगरसेवकाच्या दारावरची गर्दी निम्मी होते. न लिहिल्यास, 'आमचे पाणी दुसऱ्या पेठेला दिले' ही वदंता संध्याकाळपर्यंत चारही वेशींना पोहोचलेली असते.

तसाच दुसरा शब्द 'उणे'. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत उजनी उणे वीस टक्के, उणे चाळीस टक्के असे आकडे झळकतात आणि धरणात पाणीच उरले नाही, अशी धास्ती पसरते. वस्तुस्थिती अशी की, उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी असून त्यांपैकी सुमारे ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा व ६३.६६ टीएमसी मृत साठा मानला जातो. उपयुक्त साठा संपला की मोजणी शून्याखाली जाते. २०२४ च्या जूनच्या आरंभी उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ पोहोचली होती. तरीही हिशेबाने धरणात सुमारे ३१ टीएमसी पाणी होते, अर्थात त्यात गाळाचा वाटा धरला पाहिजे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर. दिवसाला सतरा कोटी लिटर घेणाऱ्या शहराला एवढे पाणी साडेपाच महिने पुरेल. तेव्हा धास्तीचे कारण पाणी संपण्याचे नसून पाणी खोल जाण्याचे असते. पातळी उतरली की नेहमीच्या विहिरीपर्यंत पाणी येत नाही. मग जलाशयात जादा पंप बसवून दुबार, प्रसंगी तिबार उपसा करावा लागतो. खर्च वाढतो, बिघाड वाढतात, पाळी लांबते. नगरसेवकाने हा फरक समजावून सांगितला, तर घबराट ओसरते आणि काटकसरीचे कारणही पटते.

मागावरचा माणूस आणि विडीचे सूप

पूर्वेकडील पेठांचे जीवन यंत्रमागावर आणि विडीवर चालते. मागावरचा कामगार पाळीने कामावर जातो. घरी उरते ती विडी वळणारी स्त्री. तेंदूपत्ता व तंबाखू कारखान्याच्या शाखेतून आणावयाची, घरी बसून विड्या वळावयाच्या आणि नेमल्या वेळी शाखेत नेऊन द्यावयाच्या, असा तिचा दिनक्रम. मजुरी वळलेल्या विड्यांच्या संख्येवर. आता पाणी चौथ्या दिवशी येणार की पाचव्या, सकाळी येणार की रात्री, हे ठाऊक नसेल तर ती काय करील? शाखेत गेली आणि मागे नळ आला, तर घर चार दिवस कोरडे. घरी थांबली आणि नळ आलाच नाही, तर दिवसाची मजुरी बुडाली. अनेक घरांत यावर काढलेला तोडगा म्हणजे शाळकरी मुलीला नळापाशी बसविणे. शिक्षकबंधूंना एप्रिलमध्ये, परीक्षांच्या दिवसांत, वर्गातील कोणती बाके रिकामी असतात आणि का, हे सांगावयास नको.

आदल्या दिवशी संध्याकाळी, 'उद्या पहाटे पाच ते सात' एवढे जरी खात्रीने कळले, तरी या घरचे पुष्कळ निभावते. पाणी एक लिटरनेही वाढलेले नसते. वाढलेली असते ती निश्चिती. आणि 'उद्या पाणी येणार नाही, परवा येईल' हा सांगावाही तितकाच मोलाचा. किंबहुना अधिकच, कारण तो सांगण्यास कोणी उत्सुक नसतो. बोअरवर पंप बसविल्याची बातमी छायाचित्रासह तत्काळ पेठेत फिरते. पाळी चुकल्याची बातमी मात्र ज्याची त्याने नळ उघडून घ्यावी, अशी रीत पडून गेली आहे. ही रीत लोकप्रतिनिधींनी मोडावयास हवी. वाईट बातमी ज्याच्याकडून वेळेवर मिळते, त्याच्या चांगल्या बातमीवर लोक विश्वास ठेवतात.

निश्चितीचा संबंध आरोग्याशीही आहे, आणि तो सहसा लक्षात घेतला जात नाही. डेंग्यू पसरविणारा डास स्वच्छ, साठविलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवावीत, असे आरोग्य खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे. कोरडा दिवस पाळावा हे सर्वांना पाठ आहे. पण पाळला का जात नाही? बॅरलच्या तळाशी उरलेले दोन घागरी पाणी ओतून देण्याचे धैर्य त्याच गृहिणीला होईल, जिला उद्या नळ येणार याची खात्री आहे. ज्या पेठेत पाळीचा भरवसा नाही तेथे जुने पाणी हाच विमा असतो आणि तो कोणी ओतून देत नाही. त्यामुळे पाणी आले की जुन्यावरच नवे भरले जाते, तळ कधी घासला जात नाही. आरोग्यसेविकेने कितीही पत्रके वाटली तरी, पाळीची तारीख खरी ठरल्यावाचून कोरडा दिवस कागदावरच राहावयाचा. नगरसेवकाने पाण्याचा सांगावा आणि कोरड्या दिवसाचा सांगावा एकत्र द्यावा. 'गुरुवारी पाणी निश्चित येणार. बुधवारी संध्याकाळी बॅरल रिकामे करून घासा', असे सांगितले तर ते ऐकले जाईल.

जुन्या पेठांतील नळ व गटार शेजारी-शेजारी जातात. पाळीच्या मधल्या दिवसांत जलवाहिनी रिकामी राहते, कोठे गळती असेल तर बाहेरचे पाणी आत ओढले जाते. पाणी सुटल्यावरची पहिली काही मिनिटे गढूळ पाणी येते ते यामुळे. ते पिण्यासाठी भरू नये, पिण्याचे पाणी उकळावे, नळाच्या पाण्याची ओटी चाचणी आरोग्य कर्मचाऱ्याकडून करवून घ्यावी आणि पाण्यास वास आल्यास त्याच तासाला कळवावे, ही सूचना जलवाहिनीच्या दुरुस्तीनंतर तर न चुकता दिली पाहिजे. ओटी चाचणीत नळाच्या टोकाशी क्लोरिनचा अंश दिसावयास हवा, लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम हे त्याचे किमान प्रमाण. ग्रामपंचायत सदस्यांना ही चाचणी परिचयाची आहे. शहरातील कित्येक सुशिक्षित घरांना ती ठाऊक नाही, हे थोडे नवलच.

चार भाषांची पेठ

माहिती द्यावयाची ती कोणत्या भाषेत आणि कोणत्या मार्गाने, याचा विचार सोलापुरात इतर शहरांपेक्षा अधिक करावा लागतो. महानगरपालिकेचे निवेदन बहुधा शुद्ध शासकीय मराठीत निघते. 'तांत्रिक बिघाडामुळे पाणीपुरवठा कमी दाबाने व विस्कळीत स्वरूपात होईल' हे वाक्य निर्दोष आहे. त्यातून नळ येणार की नाही, एवढेच कळत नाही. पेठेच्या नगरसेवकाने त्याचे भाषांतर करावयाचे ते केवळ मराठीतून तेलुगूत, कन्नडात किंवा उर्दूत नव्हे, तर शासकीयातून घरगुतीत. कोणती गल्ली, कोणता दिवस, किती वाजता, किती वेळ. बस्स.

मार्ग अनेक आहेत. पूर्वी दवंडी होती; खेड्यांत ती अद्याप कोठे कोठे ऐकू येते. शहरात तिची जागा रिक्षावरील ध्वनिक्षेपकाने घेतली. चौकातील फळा हा आजही स्वस्त व टिकाऊ मार्ग आहे. मंदिर, मशीद, वाचनालय, सार्वजनिक मंडळ यांच्या भिंतीवर तो कोणी अडवीत नाही. आता भ्रमणध्वनीवरून एका क्षणात हजार घरांना निरोप जातो. परंतु एक सावधगिरी हवी. भ्रमणध्वनी घरात एकच असतो आणि तो बहुधा कामावर गेलेल्या पुरुषाच्या खिशात असतो. पाणी भरणारी स्त्री घरी असते. म्हणून फोन आला तरी फळा पुसू नये. नव्या साधनाने जुने साधन मोडीत काढले, की ज्याला माहितीची सर्वांत अधिक गरज त्यालाच ती मिळेनाशी होते.

शिक्षकांचा सहभाग येथे फार मोलाचा ठरतो. मुलांकरवी घरी गेलेली चिठ्ठी वाचली जाते, कारण ती मूल वाचून दाखविते आणि ती घरच्या भाषेत वाचून दाखविते. मे महिन्यात शाळा बंद असतात. तरी शाळेचा फळा व शाळेची भिंत उपलब्ध असतेच.

पाण्याखेरीज इतरही सांगावे असतात, त्यांचा येथे केवळ उल्लेख करणे पुरे. मेअखेर नालेसफाई कोणत्या दिवशी होणार, काढलेला गाळ केव्हा उचलणार, मोडकळीस आलेल्या वाड्यांना दिलेल्या नोटिसांचा अर्थ काय आणि भाडेकरूने काय करावे, वीज किती वेळ बंद राहणार. यांपैकी धोकादायक इमारतीचा प्रश्न कसब्यातील जुन्या वाड्यांत नाजूक असतो. नोटीस भिंतीवर डकवली म्हणजे काम संपले, असे मानता कामा नये.

उष्म्याविषयी मात्र थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. मैदानी प्रदेशात कमाल तपमान चाळीस अंशांवर व सरासरीहून साडेचार अंश अधिक गेले, म्हणजे हवामान खाते उष्णतेची लाट मानते. सोलापुरात मे महिन्याची सरासरीच चाळिशीच्या आसपास. त्यामुळे येथे त्रेचाळीस अंशांचा दिवसही लाटेच्या व्याख्येत न बसण्याचा संभव असतो. पत्र्याच्या शेडमधील यंत्रमागावर उभ्या असलेल्या कामगाराला मात्र व्याख्येचा उपयोग नाही. अहमदाबाद शहरात मे २०१० मधील तीव्र उन्हाळ्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले, आणि त्या अनुभवातून २०१३ मध्ये त्या महानगरपालिकेने उष्माघात प्रतिबंधाचा आराखडा तयार केला. त्यातील मुख्य कलम खर्चिक यंत्रसामग्रीचे नव्हते. इशारा आदल्या दिवशी वस्तीपर्यंत पोहोचविणे, हे होते. दुपारी बारा ते चार काम टाळावे, पाणी व क्षारसंजीवनी जवळ ठेवावी, चक्कर आलेल्या माणसाला सावलीत नेऊन अंग ओले करावे, एकट्या राहणाऱ्या वृद्धाची शेजाऱ्याने विचारपूस करावी, ही माहिती पेठेत नेण्यास नगरसेवकाइतका योग्य माणूस दुसरा कोण?

चौघांची पेठ आणि कोणाचीच नाही

२०१७ च्या निवडणुकीत सोलापूर महानगरपालिकेच्या १०२ जागा २६ प्रभागांत विभागलेल्या होत्या. बहुतेक प्रभागांत चार सदस्य. एका पेठेला चार प्रतिनिधी लाभणे हे भाग्य खरे, परंतु माहितीच्या बाबतीत त्याचा परिणाम विपरीत होऊ शकतो. चौघे चार पक्षांचे असले तर चार वेळापत्रके फिरतात. एका पक्षाचे असले तर प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने सांगितलेच असेल. यावर साधा उपाय आहे. पाळीचा कागद प्रभागासाठी एकच असावा, तो पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्याच्या सहीने निघावा आणि चारही सदस्यांनी तोच वाटावा. त्यावर कोणाचेही छायाचित्र नसले तर उत्तम. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्यांची सोय झाली आहे, राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेचीही तरतूद आहे. उन्हाळ्याचे वेळापत्रक मार्च महिन्यातच तेथे मांडले, तर कोणाच्या गल्लीला उताराचे पाणी व कोणाच्या गल्लीला चढाचे, याची चर्चा उघडपणे होऊ शकेल.

ही चर्चा टाळली जाते याचे कारण उघड आहे. पाळी लांबविण्यासाठी चावीवाल्यावर दडपण आणण्याचा मोह प्रत्येक पेठेत होतो. एका गल्लीला अर्धा तास अधिक मिळाला, की टाकीपासून दूरच्या गल्लीचा अर्धा तास जातो. नळाला थेट विजेची मोटार लावणारा आपल्या शेजाऱ्याचे पाणी ओढतो. वेळापत्रक जाहीर असेल तर हा मोह अवघड होतो, कारण मग प्रत्येकाच्या हातात घड्याळ असते. गुप्त वेळापत्रक हे बलवानाचे वेळापत्रक असते, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत, राज्यातील इतर अनेक महानगरपालिकांप्रमाणे, सोलापूरचा कारभार प्रशासकांकडे राहिला. चार उन्हाळे नगरसेवकांवाचून गेले. या काळात पाणी सोडण्याचे काम थांबले नाही. अभियंते, चावीवाले, टँकरचालक आपापल्या जागी होते, आणि त्यांपैकी अनेकांनी मोठ्या कष्टाने काम केले. माजी नगरसेवकांची दारेही लोक ठोठावीतच होते. तरीपण, दारी आलेल्याला उत्तर देण्यास बांधलेला माणूस पेठेत नव्हता. चुकीच्या सांगाव्याबद्दल माजी सदस्याला सभागृहात कोणी जाब विचारू शकत नाही, आणि प्रशासक गल्लीगल्लीत राहू शकत नाही. नव्याने निवडून आलेल्या सदस्यांपुढील पहिली परीक्षा म्हणूनच हा उन्हाळ्याचा सांगावा आहे. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेवर राष्ट्रध्वज फडकला, त्या शहराची ही परंपरा आहे; तोही उन्हाळाच होता, आणि ती वार्ताही पेठापेठांतून तोंडी फिरली होती.

नदीकाठचा शेतकरी

शहराच्या सांगाव्यात एक बाब कधीच नसते, ती असावयास हवी. टाकळीच्या पंपगृहासाठी औज व चिंचपूर येथील बंधारे भरून घ्यावे लागतात. त्यासाठी उजनीतून भीमेच्या पात्रात पाणी सोडले, की ते खाली पोहोचण्यास आठ-दहा दिवस लागतात. वाळू पाणी पिते, ऊन पाणी पिते. एका आवर्तनाला पाच-सहा टीएमसी पाणी सोडावे, तेव्हा कोठे बंधारे भरावेत, असा अनुभव आहे. वर केलेल्या हिशेबाप्रमाणे सतरा कोटी लिटर रोजचे धरले, तरी शहराची वर्षाची गरज सव्वादोन टीएमसीहून अधिक होत नाही. एवढी गळ होऊ नये म्हणून, पाणी मध्येच उपसले जाऊ नये या हेतूने, आवर्तनाच्या काळात नदीकाठच्या कृषिपंपांची वीज काही तासांपुरती मर्यादित केली जाते. उभा ऊस व फळबागा डोळ्यांदेखत वाळतात आणि पात्रातून पाणी वाहत जाते. पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळ, दक्षिण सोलापूर या तालुक्यांतील पंचायत सदस्यांना हे दृश्य परिचित आहे. पेठेतील नागरिकाला ते ठाऊक नसते, कारण त्याला कोणी सांगितलेले नसते. उजनीपासून १७० दशलक्ष लिटर क्षमतेची समांतर जलवाहिनी टाकण्याचे काम याच कारणास्तव हाती घेण्यात आले. नळातून आणलेले पाणी वाळूत मुरत नाही. मात्र शहरात अधिक पाणी आले, तरी जुन्या पेठांतील वितरण नलिका व टाक्या त्याच असतील तोवर पाळी एकदम रोजची होणार नाही, हेही नगरसेवकाने लोकांना आधीच सांगितलेले बरे. अपेक्षा वाढवून ठेवणे सोपे असते.

दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन शहराने २०१८ च्या आरंभी दरडोई पन्नास लिटरची मर्यादा घातली, धरणांची पातळी दर आठवड्याला जाहीर केली आणि नळ पूर्णपणे बंद होण्याचा संभाव्य दिवसही सांगून टाकला. लोक घाबरले, चिडले, पण वापर उतरला आणि तो दिवस आला नाही. तेथील श्रीमंत उपनगरे व गरीब वस्त्या यांच्या पाण्यात अंतर होतेच, तेव्हा त्या शहराचे सर्वच अनुकरणीय नव्हे. साखर पेठेतील पाच माणसांचे कुटुंब उन्हाळ्यात त्या पन्नास लिटरमध्ये सहज भागवीत असेल. त्याला काटकसर शिकविण्याचे कारण नाही. आकडा मात्र त्याला मिळावयास हवा.

जूनचा पहिला पाऊस सोलापुरात पडतो तेव्हा पेठेत एक नवाच गैरसमज उत्पन्न होतो. रस्ते भिजले, सिद्धेश्वर तलावात पाणी दिसले, मग पाळी अद्याप चार-पाच दिवसांचीच का? उजनी भरते ती सोलापूरच्या पावसाने नव्हे, तर पुणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील पावसाने. तेथील धरणे भरून पाणी खाली सुटले आणि दौंडजवळ भीमेचा प्रवाह वाढला, म्हणजे उजनीचा उणे आकडा शून्याकडे सरकू लागतो. हे बहुधा जुलैत, कधी ऑगस्टमध्ये घडते. तोवर नगरसेवकाच्या फळ्यावर शेवटचा सांगावा राहिला पाहिजे : पाळी पूर्वीप्रमाणेच, नळाचे पहिले पाणी सोडून द्यावे, पिण्याचे पाणी उकळावे, आणि दौंडचा विसर्ग वाढल्याचे याच फळ्यावर कळविण्यात येईल.